बायपासनंतर मेंदूच्या तक्रारी: आधी सांगा, कधीपासून?

ऑपरेशन हृदयाचं आणि तक्रार मेंदूची, असे पेशंट माझ्या ओपीडीत नेहमीचेच. या वेळी वाचकांकडून आलेले प्रश्नही त्याच वळणाचे निघाले. लोकांनी रिपोर्ट पाठवले, गोळ्यांची नावं पाठवली, ग्राफ्ट (ब्लॉकला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिन्या) किती बसवले तेही लिहिलं. पण तक्रार नेमकी कधी सुरू झाली, हे दोघा-तिघांनीच लिहिलं होतं. मला तर सगळ्यात आधी तेच हवं असतं. शुद्धीवर येतानाच हात हलत नव्हता, की चार दिवस चांगला हलत होता आणि मग पडला? विसरणं पहिल्या आठवड्यातलं, की वर्षानंतरचं? या उत्तरावर आजाराचं नावच बदलतं. ज्यांनी वेळ लिहिली नव्हती त्यांना ती उलट विचारून घेतली आणि मगच उत्तरं लिहायला बसलो.

प्रश्न: माझे वडील ७२ वर्षांचे. बायपास व्यवस्थित झाली, दुसऱ्या दिवशी आमच्याशी नीट बोलले. तिसऱ्या रात्री मात्र आयसीयूत एकदम बिथरले. भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले, सलाइन उपसायला लागले, मला ओळखलं नाही. सकाळी पुन्हा शांत. संध्याकाळ झाली की तेच. वडिलांना वेड लागलंय का? हे कायमचं राहील का? आणि त्यांचे हात बांधणं योग्य आहे का?

वेड नाही. तुमच्या वर्णनातच निदान आहे: दुसऱ्या दिवशी ठीक, तिसऱ्या रात्री बिघाड, सकाळी शांत, संध्याकाळी पुन्हा तेच. याला डिलिरियम म्हणतात. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या तीन-चार दिवसांत तो दिसतो आणि ऊन-सावलीसारखा येत-जात राहतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या साठीच्या पुढच्या २२५ पेशंटना रोज तपासलं गेलं. त्यातल्या ४६ टक्क्यांना कमीअधिक प्रमाणात डिलिरियम झालेला आढळला. म्हणजे तुमच्या वडिलांच्या शेजारच्या खाटांवरही असं कोणी ना कोणी असणारच.

मेंदू तेव्हा सगळीकडून कोंडीत सापडलेला असतो. भुलीची औषधं पुरती उतरलेली नसतात, शरीरभर सूज असते, वेदना असते. आयसीयूत दिवस-रात्रीचा भेद उरत नाही, दर तासाला कुणीतरी उठवतं, यंत्रं पिंपिं करत राहतात. त्यात चष्मा काढून ठेवलेला, कवळी डबीत, कानातलं यंत्र घरी. माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, झोप नाही; अशा वेळी मेंदू रिकाम्या जागा आपल्या मनाने भरतो. भिंतीवरची माणसं तिथून येतात. वय जास्त असेल, आधीपासून थोडं विसरणं असेल, पूर्वी स्ट्रोक झालेला असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल, तर धोका आणखी वाढतो. दारूची गोष्ट घरचे लपवतात. कृपा करून लपवू नका. दारू अचानक बंद झाल्याने होणाऱ्या भ्रमाचा उपचार वेगळा आहे आणि तो चुकला तर जिवावर बेततं.

डॉक्टरांचं पहिलं काम असतं ते कारण शोधण्याचं. ऑक्सिजन कमी आहे का, रक्तातलं सोडियम खाली गेलंय का, साखर किती, ताप किंवा जंतुसंसर्ग आहे का, लघवी तुंबली आहे का, नवीन कोणतं औषध सुरू झालं. तुंबलेली लघवी मोकळी केल्यावर तासाभरात भानावर आलेला माणूस मी पाहिला आहे. झोपेसाठी म्हणून दिलेल्या काही गोळ्या-इंजेक्शनं डिलिरियम वाढवतात, त्यामुळे ‘डॉक्टर, यांना झोपेचं काहीतरी द्या’ असा आग्रह धरू नका. हात बांधण्याबद्दल तुम्ही विचारलं आहे. नळ्या उपसून जिवाला धोका होणार असेल तेव्हा थोडा वेळ बांधावे लागतात, पण तो शेवटचा मार्ग. बांधलेला माणूस जास्त झगडतो.

तुम्ही मात्र बरंच करू शकता. चष्मा, कानातलं यंत्र, कवळी नेऊन द्या. भेटीच्या वेळी त्यांना समोरून दिसेल असे उभे राहा, आपलं नाव सांगा, आज कोणता वार, आपण कुठे आहोत ते साध्या शब्दांत सांगा. ‘भिंतीवर कुणी नाहीये’ म्हणून वाद घालू नका, आणि हो ला हो ही करू नका. ‘मला तिथे कुणी दिसत नाही, पण मी तुमच्याजवळ आहे’ एवढं पुरतं.

डिलिरियमचा दुसरा चेहरा याहून फसवा असतो. पेशंट आरडाओरडा करत नाही. उलट गप्प होतो, जेवत नाही, विचारलं तर उशिरा एखादा शब्द बोलतो. नातेवाइकांना वाटतं थकलेत, पडू द्या. असा गप्प पेशंट हमखास नजरेतून सुटतो. तुमचं माणूस अचानक ‘शहाण्यासारखं’ शांत झालं असेल तर नर्सना आवर्जून सांगा.

कायमचं राहील का? बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. पूर्ण तल्लखपणा परत यायला वेळ लागू शकतो. वर सांगितलेल्या अभ्यासात डिलिरियम झालेल्यांपैकी ४० टक्के लोक सहा महिन्यांनंतरही आपल्या मूळ पातळीवर आलेले नव्हते. डिलिरियम न झालेल्यांमध्ये हेच प्रमाण २४ टक्के होतं. वर्षाअखेर दोन्ही गटांतलं अंतर बरंच कमी झालं. तेव्हा घरी आल्यावर पहिले काही महिने पैशांचे व्यवहार आणि गोळ्यांचा डबा दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेला बरा.

प्रश्न: सासऱ्यांची बायपास झाली. चौथ्या दिवशी वॉर्डात चहा पीत असताना अचानक जीभ जड झाली आणि उजवा हात पडला. स्ट्रोक झाल्याचं सांगितलं. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणाले होते, मग हे कसं? ऑपरेशनमध्ये काही चूक झाली असेल का?

तुमचा राग मला समजतो. मी तुमच्या सासऱ्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे तिथे काय घडलं यावर निवाडा देणार नाही. पण ‘चौथ्या दिवशी’ हे शब्द बरंच काही सांगतात.

फक्त बायपास होत असेल तर स्ट्रोकचा धोका ढोबळमानाने शंभरात एक-दोन. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९८२ ते २००९ या काळातल्या ४५,४३२ बायपास पेशंटची माहिती तपासली. त्यात ७०५ जणांना, म्हणजे १.६ टक्क्यांना स्ट्रोक झाला होता. यातले ४० टक्के स्ट्रोक ऑपरेशन चालू असतानाचे होते आणि ५८ टक्के ऑपरेशन पार पडल्यानंतरचे. म्हणजे पेशंट शुद्धीवर आला, हातपाय हलवले, आणि मग झाला. सासरे या दुसऱ्या गटातले.

दोन्हींची कारणं वेगळी. ऑपरेशनच्या वेळचा स्ट्रोक बहुधा महाधमनीतून येतो. हृदयातून निघणाऱ्या या मोठ्या रक्तवाहिनीला वयानुसार आतून चुन्यासारखा, चरबीचा थर धरलेला असतो. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनची नळी तिथे बसवताना, तिला चिमटा लावताना किंवा काढताना त्या थराचा कपचा सुटला तर तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. दुसरी शक्यता रक्तदाब खाली राहण्याची. मेंदूतल्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दीवरचा भाग, शेताच्या बांधावरच्या कोरड्या पट्ट्यासारखा, आधी सुकतो. स्कॅनवर अशा ठिकाणी डाग दिसला की कारण बऱ्यापैकी कळतं.

नंतरच्या दिवसांतल्या स्ट्रोकमागे एक नेहमीचा संशयित असतो: एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरतात. बायपासनंतर दर तीन-चार पेशंटमागे एकाला हा त्रास होतो आणि तोही मुख्यतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, सुटते. सासऱ्यांच्या कागदांत त्या दिवसांचे ईसीजी असतील. डॉक्टरांना ‘ताल बिघडला होता का?’ असं थेट विचारा. पुढे रक्त पातळ करणारं औषध कोणतं आणि किती काळ द्यायचं, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. तो ताल नंतर पूर्ववत झाला म्हणून विषय संपला असं धरू नका. काही जणांत तो परत येतो.

आता उपचाराचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मोठ्या ऑपरेशननंतर पहिले १४ दिवस सहसा देत नाहीत, कारण ताज्या जखमांतून रक्तस्राव होण्याची भीती असते. पण मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली असेल तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढता येते. पहिल्या ६ तासांत, आणि निवडक पेशंटमध्ये स्कॅन पाहून २४ तासांपर्यंतही. इथे घड्याळ सगळं ठरवतं. मोजायची वेळ म्हणजे नातेवाइकांना स्ट्रोक लक्षात आला ती नव्हे, तर माणूस शेवटचा ठणठणीत दिसला ती. वॉर्डात तोंड वाकडं झालं, हात पडला, शब्द फुटेना, डोळ्यांसमोर अर्धंच दिसू लागलं, तर ‘थोडा वेळ बघू’ म्हणू नका. ऑपरेशननंतरचा साधा अशक्तपणा दोन्ही बाजूंना येतो, एकाच बाजूला येत नाही.

एक सूचना फिजिओथेरपीबद्दल, कारण ती वरचेवर राहून जाते. सासऱ्यांच्या छातीचं हाड तारांनी बांधलेलं आहे आणि एक हात लुळा आहे. पलंगावरून उठवताना त्यांना काखेत हात घालून किंवा लुळ्या हाताने ओढून उठवू नका. हाडाला झटका बसतो आणि लुळा खांदा निखळतो, तो वेगळाच. पाठीमागून आधार कसा द्यायचा हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा करून दाखवून घ्या. आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका.

प्रश्न: मला तीन ब्लॉक आहेत, मधुमेह आहे, वय ६१. बायपास सुचवली आहे. स्ट्रोकच्या भीतीने मी अँजिओप्लास्टीकडे वळावं का? की ‘बीटिंग हार्ट’ बायपास करून घ्यावी, ज्यात मशीन नसतं?

दोन प्रश्न आहेत, वेगवेगळे घेऊ.

धडधडत्या हृदयावरच्या बायपासबद्दल मीही एके काळी फार आशावादी होतो. १९५३ साली जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तेव्हापासून मेंदूच्या सगळ्या तक्रारींचं खापर या मशीनवर फुटत आलं आहे. मशीनच काढून टाकलं की प्रश्न मिटला, असं वाटणं साहजिक होतं. तसं झालं नाही. ‘कोरोनरी’ नावाच्या चाचणीत १९ देशांतले ४,७५२ पेशंट होते. पहिल्या ३० दिवसांत स्ट्रोक मशीनविना १.० टक्के, मशीनवर १.१ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. पाच वर्षांनंतरही चित्र बदललं नाही. खरी अडचण मशीनपेक्षा महाधमनीला हात लावण्याची आहे. ज्यांच्या महाधमनीत खूप थर आहे अशांमध्ये छातीच्या आतल्या धमन्या वापरून, महाधमनीला चिमटा न लावता ऑपरेशन करता येतं, आणि तिथे त्याचा उपयोग होतो. म्हणून सर्जनला ‘मशीन वापरणार का’ हे विचारण्याऐवजी ‘माझी महाधमनी कशी आहे, ती तपासणार का, आणि खराब निघाली तर काय बदल करणार’ हे विचारा. ऑपरेशनच्या वेळी महाधमनीवरच अल्ट्रासाउंड टेकवून थर पाहता येतो.

अँजिओप्लास्टीचं उत्तर आकड्यांत देतो. ११ चाचण्या एकत्र करून ११,५१८ पेशंटचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या ३० दिवसांतला स्ट्रोक अँजिओप्लास्टीत ०.४ टक्के आणि बायपासमध्ये १.१ टक्के. पण ३१व्या दिवसापासून पाच वर्षांपर्यंतचे आकडे २.२ आणि २.१, म्हणजे सारखेच. थोडक्यात, बायपासचा जादा धोका पहिल्या महिन्यात साचलेला आहे. आता तराजूचं दुसरं पारडं. मधुमेह आणि अनेक ब्लॉक असलेल्या १,९०० पेशंटच्या ‘फ्रीडम’ चाचणीत पाच वर्षांत स्ट्रोक बायपासमध्ये जास्त होते, ५.२ विरुद्ध २.४ टक्के, पण मृत्यू कमी होते, १०.९ विरुद्ध १६.३, आणि हार्ट अ‍ॅटॅकही निम्म्याहून कमी. तुमचं वर्णन त्या चाचणीतल्या पेशंटसारखं आहे. मी न्यूरोलॉजिस्ट असूनही सांगतो: केवळ स्ट्रोकच्या धास्तीने तुम्ही बायपास नाकारू नये. अंतिम निर्णय अर्थात तुमची अँजिओग्राफी पाहणाऱ्यांचा.

प्रश्न: तपासणीत मानेच्या एका बाजूच्या रक्तवाहिनीत ८० टक्के अडथळा निघाला. मला कधी पक्षाघात झालेला नाही, तात्पुरतासुद्धा नाही. बायपासबरोबरच मानेचंही ऑपरेशन उरकून घ्यावं का?

‘उरकून घेणं’ इथे महागात पडू शकतं. अशाच, म्हणजे लक्षणं नसलेल्या पेशंटमध्ये जर्मनीच्या पुढाकाराने एक चाचणी झाली. पेशंट थोडेच, १२९. ती वेळेआधी थांबवावी लागली. पण ३० दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू दोन्ही ऑपरेशनं एकत्र केलेल्यांत १८.५ टक्के आणि नुसती बायपास केलेल्यांत ९.७ टक्के. संख्या लहान असल्याने यावरून शेवटचा शब्द लिहिता येत नाही, तरी कल कुठे आहे ते दिसतं. गेल्या सहा महिन्यांत तोंड वाकडं होणं, हातातली शक्ती जाणं, एका डोळ्यापुढे पडदा येणं असं काही झालं असतं तर माझा सल्ला वेगळा असता. दोन्ही बाजूंना मोठे अडथळे असते तरीही.

प्रश्न: मी ५८ वर्षांची, हिशोबाचं काम करते. बायपासला सात आठवडे झाले. आकडे डोक्यात टिकत नाहीत, वाक्य अर्ध्यावर सुटतं, दोन माणसं एकदम बोलली की गोंधळते. इंटरनेटवर वाचलं की याला ‘पंपहेड’ (पंप म्हणजे हार्ट-लंग मशीन) म्हणतात आणि पुढे स्मृतिभ्रंश होतो. माझी नोकरी यावरच आहे.

आधी धीराची गोष्ट: सात आठवडे म्हणजे अजून लवकर आहे. आता तुम्ही वाचलंत त्याची कुळकथा, कारण ती अर्धीच सांगितली जाते.

२००१ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा एक अभ्यास गाजला. बायपास झालेल्या २६१ जणांची बौद्धिक चाचणी ऑपरेशनपूर्वी आणि नंतर घेतली. डिस्चार्जच्या वेळी ५३ टक्के लोकांचे गुण घसरलेले, सहा आठवड्यांनी ३६ टक्के, सहा महिन्यांनी २४ टक्के. आणि मग पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के. शेवटच्या आकड्याने खळबळ उडाली. बायपासने मेंदूत काहीतरी पेरलं जातं आणि ते पाच वर्षांनी उगवतं, असा अर्थ लोकांनी काढला. ‘पंपहेड’ हा शब्द त्याच हवेत फोफावला. मला तो मुळीच आवडत नाही. पेशंटच्या डोक्यावर शिक्का मारतो आणि दोषी चुकीचा पकडतो.

त्या अभ्यासात एक उणीव होती. तुलनेला दुसरा गट नव्हता. पासष्टीचा माणूस पाच वर्षांनी सत्तरीचा होतो. मधुमेह, रक्तदाब, वाहिन्यांमधला थर हे सगळं त्याच्या मेंदूतही चालूच असतं. जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी मग बायपास झालेल्यांबरोबर, हृदयविकार असूनही केवळ औषधांवर असलेल्यांनाही सहा वर्षं तपासलं. दोघांची घसरण जवळपास सारखी निघाली. २०२१ मध्ये आणखी एक मोठा अभ्यास आला, १,६८० वयस्कांचा: बायपास आणि अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या स्मरणशक्तीच्या घसरणीच्या वेगात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे काही वर्षांनी दिसणारं विसरणं बहुधा ऑपरेशनचं नसून, ज्या आजारासाठी ऑपरेशन करावं लागलं त्याचं असतं.

पहिल्या काही आठवड्यांतलं मात्र खरं आहे, तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. आणि ड्यूकच्या आकड्यांतच पाहा, पहिल्या सहा महिन्यांत ते सरळ उतरतात. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी या सगळ्याची नावं नव्याने ठरवली, तीही काळानुसार: पहिल्या ३० दिवसांतला मंदपणा म्हणजे बुद्धी सावरायला होणारा उशीर; त्यानंतर १२ महिन्यांपर्यंतचा त्रास वेगळ्या नावाने, ऑपरेशनशी जोडून; त्यापुढचा असेल तर ऑपरेशनशी न जोडता इतर कुणाचाही तपासावा तसा तपासायचा. (तुम्ही पाहाल, घड्याळाचं वेड मला एकट्यालाच नाही.)

तुमची जी तक्रार आहे, आकडे टिकत नाहीत, दोघांचं बोलणं झेपत नाही, ती स्मरणशक्तीपेक्षा लक्ष आणि वेग यांची आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात सहसा अशी होत नाही. तिथे माणसाला कालचा प्रसंगच आठवत नाही आणि आपण विसरतोय याचीही फिकीर नसते. तुम्हाला तर नको इतकी आहे.

करायचं काय? आधी दुरुस्त होण्यासारखी कारणं शोधा. ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, ते पाहा. बी-१२ आणि थायरॉइड तपासा. झोप कशी आहे? छातीमुळे उताणं झोपावं लागतं, घोरणं वाढतं, झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसभर डोकं जड राहतं. वेदनेच्या काही गोळ्या डोकं सुस्त करतात. त्या अजून चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, पण हृदयाची कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. मन उदास असेल तर तेही लक्ष पळवतं. कामावर परत जाताना पहिले काही आठवडे अर्धा दिवस, महत्त्वाचे हिशोब सकाळी, आणि प्रत्येक बेरीज दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाऊ द्या. चालणं आणि हृदयाच्या पुनर्वसनाचा व्यायाम सोडू नका. डोक्याच्या कोड्यांपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे.

सहा महिन्यांनंतरही काम जमत नसेल, किंवा सुधारून पुन्हा बिघडू लागलं, तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. आणि एखाद्या दिवशी अचानक शब्दच सापडेनासे झाले, तर ती विसरण्याची तक्रार नव्हे. तो स्ट्रोक समजून त्याच क्षणी निघा.

प्रश्न: ऑपरेशननंतर डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. पायाची आतली बाजूही घोट्यापर्यंत बधिर. आवाज घोगरा. सगळं शुद्धीवर आल्यापासून आहे. मेंदूला काही झालंय का?

मेंदूला नाही, नसांना. छाती उघडून धरणाऱ्या उपकरणाने पहिली बरगडी वर सरकते आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्याचा खालचा भाग ताणला किंवा दाबला जातो. करंगळी आणि शेजारचं बोट त्याच्याच वाट्याचं. पायातून शीर काढली, तिला चिकटून एक संवेदनेची नस जाते, ती दुखावते. मनगटाची धमनी घेतली असती तर अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा आला असता. छातीच्या डाव्या बाजूला हात लावला तर तिथेही सुन्न लागेल, आतली धमनी काढल्यामुळे.

हाताचं बहुतेकांचं काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतं. तुटलेली नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे पायाला जास्त वेळ लागतो आणि थोडा ठिपका कायमही राहतो. मधुमेह असेल तर बधिर पायाची रोज पाहणी करा, लागलेलं कळत नाही. बोटांत नुसता बधिरपणा नसून पकड सैल झाली असेल, तर तीन-चार आठवड्यांनी नसांची विद्युत तपासणी करून घ्या. त्याआधी केली तर ती फसवते.

आवाज नळीच्या घर्षणाने बसला असेल तर लवकर सुटतो. महिनाभर घोगराच राहिला, किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर स्वरयंत्राची नस दुखावली आहे का हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्या. उताणं झोपलं की दम लागत असेल तर श्वासपटलाच्या नसेचा विचार करावा लागतो. छातीच्या फोटोत एक बाजू वर चढलेली दिसते.

प्रश्न: ऑपरेशननंतर काही तासांतच माझ्या भावाला एक झटका आला. त्यानंतर सहा महिने काही नाही. फिटची गोळी जन्मभर घ्यायची का?

बहुधा नाही. रक्तस्राव कमी करण्यासाठी ऑपरेशनमध्ये ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देतात. ते औषध मेंदूला लगाम घालणाऱ्या रसायनांच्या आड येतं, आणि मात्रा मोठी असेल तर झटका येऊ शकतो. ४,६०० हून अधिक पेशंटच्या एका चाचणीत हे औषध दिलेल्यांत झटके ०.७ टक्के, न दिलेल्यांत ०.१ टक्के होते. एमआरआय स्वच्छ असेल आणि पुन्हा झटका आला नसेल, तर गोळी हळूहळू कमी करून थांबवता येते. स्कॅनवर स्ट्रोकचा डाग असेल तर हिशेब बदलतो. एका दिवसात मात्र बंद करू नका.

प्रश्न: हे पूर्वी खंबीर होते. बायपासला तीन महिने झाले, जरा काही झालं की डोळ्यांत पाणी. चिडतात, व्यायामाला जात नाहीत. ‘आता उरलोय कशाला’ म्हणतात. लोक म्हणतात, हृदयाचं ऑपरेशन झालं की माणूस हळवा होतोच.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा हळवेपणा मीही त्या खात्यात टाकेन. तीन महिन्यांचा नाही. ही नैराश्याची लक्षणं आहेत आणि ती हृदयाशीही निगडित आहेत. बायपास झालेल्या ८१७ जणांचा सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला. ज्यांचं नैराश्य मध्यम ते तीव्र होतं, किंवा सहा महिन्यांनंतरही टिकून होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण दुपटीहून अधिक होतं. व्यायाम सुटतो, गोळ्या चुकतात, सिगारेट परत येते. कारणांची साखळी लांब आहे.

‘उरलोय कशाला’ हे वाक्य हवेत सोडून देऊ नका. जीव द्यावासा वाटतो का, असं त्यांना शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उत्तर हो असेल, किंवा ते टाळताहेत असं वाटलं, तर त्यांना एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एरवीही याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि हृदयाच्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. हृदयविकारात चालणारी नैराश्याची औषधं आहेत, पण काही औषधं हृदयाचा ताल बिघडवू शकतात आणि काही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव वाढवतात, म्हणून निवड त्यांनाच करू द्या.

प्रश्न: छातीत तारा आहेत. एमआरआय चालेल का?

चालेल. छातीचं हाड बांधणाऱ्या तारा आणि ग्राफ्ट यांची अडचण येत नाही. पेसमेकर बसवला असेल तर मात्र आधी सांगा.

प्रश्न: आत्या ७६ वर्षांची आहे. पंधरा दिवसांनी बायपास आहे. आधीपासूनच थोडं विसरते. आम्ही काय तयारी करावी?

विसरते हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आपणहून सांगा. ‘ऑपरेशन नाकारतील’ म्हणून घरचे हे दडवतात. सांगितलं तर भुलीची औषधं विचारपूर्वक निवडली जातात आणि आयसीयूत तिच्याकडे जास्त लक्ष राहतं. शक्य असल्यास स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी आत्ताच करून घ्या. नंतर ‘आधी अशी नव्हती’ म्हणताना काहीतरी मोजलेलं हाताशी असेल. पूर्वी कधी स्ट्रोक, फिट, धडधड झाली असेल तर तारखेसह लिहा. झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेत असेल तर तेही. ती अचानक बंद झाली तरी भ्रम होतो. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची आणि ऑपरेशननंतर अ‍ॅस्पिरिन केव्हा सुरू होणार, हे विचारून ठेवा. ती लवकर सुरू झाली तर ग्राफ्ट उघडे राहायला मदत होते.

आयसीयूत कुणी जायचं ते आधी ठरवा. आळीपाळीने दहा नातेवाईक जाण्यापेक्षा रोज तीच दोन माणसं गेलेली बरी. आत्याचं रोजचं बोलणं त्यांच्या कानात बसलेलं असतं, त्यामुळे बदल त्यांनाच आधी कळतो. दर भेटीनंतर वहीत एक ओळ लिहा: किती वाजता भेटलो, कशी बोलली, दोन्ही हात हलवले का. आणि चष्म्याच्या घरावर, कानाच्या यंत्राच्या डबीवर तिचं नाव मोठ्या अक्षरात चिकटवा. आयसीयूतून वॉर्डात हलवताना नेमक्या याच दोन गोष्टी मागे राहतात.